मुकादमाचा वाटा

हानोयमध्ये पौर्णिमेच्या सकाळी सहा वाजता
त्रुक बाक तळ्यावरचे प्लास्टिकचे हंस
साखळीला बांधलेले असतात, माना एकाच दिशेला.
थोआ स्कूटर लावते, हेल्मेट काढते,
आणि ते कुठं ठेवावं सुचत नाही म्हणून
काखेत धरूनच मंदिराचा उंच उंबरा ओलांडते.

पिशवीत सहा केळी, बिस्किटांचा लाल पुडा,
जाळायच्या खोट्या नोटांची चळत
आणि दिएपचं हॉल तिकीट.
मूळ नव्हे, झेरॉक्स.
श्रद्धा आहेच, पण मूळ कागद घरी असलेला बरा.

आत उत्तरेचा राखणदार बसलाय,
काळा, काशाचा, केस मोकळे, पाय अनवाणी,
तलवारीचं टोक कासवाच्या पाठीवर
आणि पात्याला साप, वर चढता चढता थांबलेला.
एवढा मोठा देव, आणि पायात वहाण नाही.
लहानपणी तिला वाटायचं, ओतताना धातू कमी पडला असेल.

पायाशी रांग आहे. परीक्षेची पोरं.
एकजण ओठांत सूत्रं पुटपुटतोय,
एकीनं अंगठ्यावर पेन घासून घेतलं, मग दुसरं,
मग मैत्रिणीचंही.
सगळा देव काळोखासारखा,
पाऊल तेवढं पिवळं, जिवंत,
हजारो तळव्यांनी उजळलेलं.

थोआचा नंबर येतो. ती हात ठेवते.
नीट ठेवते, आणि तिथंच घोटाळा होतो.

टाचेच्या वळणावर बोट अडतं.
नखाएवढं ठिगळ. भोवती केसासारखी रेघ.
इथं रस पोचला नव्हता. साच्यात हवा अडकली असणार.
मग कुणीतरी कधीतरी, रात्रीत, कुणाला न सांगता
डाख दिलाय, कानस मारलीय,
आणि चांगली मारलीय.

"डोळे मीट," बाप म्हणायचा, खिएम ओतारी,
"डोळ्यांना चकाकी फसवते. बोटांना नाही."
मिटल्या डोळ्यांनी ती कढयांचे काठ तपासायची.
पडलेल्या विमानांच्या पत्र्याच्या कढया,
गल्लीभर त्यांचाच ठणठणाट.
त्या भट्टीच्या जागी आता टेबलं आहेत,
गिऱ्हाइकं फोच्या गुंडाळ्या खातात,
आणि भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होतं.

मागचा मुलगा खाकरतो. ती बाजूला होते.

डाव्या अंगाला, खांबाआड, एक छोटा पुतळा:
डोक्याला फडकं, चेहरा बसका.
म्हणतात, हाच तो मुकादम, ज्यानं देव ओतला.
शिष्यांनी मागाहून त्यालाही ओतून इथं बसवला.
त्याच्यापुढं रांग नाही.
धुपाची एकच काडी, तीही मध्येच विझलेली.
त्याचे पाय कुणी घासत नाही. काळेच आहेत.

थोआ काडी पुन्हा पेटवते.
केळी सगळी इथंच ठेवते, बिस्किटंही.
मग जरा वाकून, शेजारच्या गल्लीतल्याशी बोलावं तसं:

"सापडलं मला. टाचेपाशी.
काळजी नको, कुणाला सांगत नाही.
आमच्याकडंही व्हायचं असं,
पावसाळी हवेत साचा वाळायचा नाही.
पण तुमचा डाख बघा, अजून सुटलेला नाही."

मुकादम काही बोलत नाही.
ओताऱ्याला कौतुक आवडत नाही,
आणि चूक दाखवली तर त्याहून नाही.

झाडूवाल्या बाई पानं लोटत येतात,
म्हणतात, "ताई, मोठा देव तिकडं."
"माहीत आहे," थोआ म्हणते.

स्कूटरपाशी येऊन किल्ली लावल्यावर आठवतं:
हॉल तिकीट पिशवीतच आहे,
दिएपसाठी काही मागायचंच राहिलं.
आत रांग आता फाटकापर्यंत आलीय.
एक हंस साखळी सोडवून पाण्यावर निघालाय,
आत कुणी म्हातारा, एकटाच, पॅडल मारत.

घरी पोरगी विचारते, "घासलास पाय? माझ्या नावानं?"
"हो."
"काय म्हणालीस?"
थोआ तळहात नाकाशी नेते.
हिरवट, आंबूस, तोच वास.
बाप जेवायला बसला की भातालाही यायचा.

"ये इकडं," ती म्हणते,
"डोळे मीट. हात दे."